ज्याला गडगडाट आवडतो, त्याला राखणीला बसवा



मत मांडायचे तर आडवळणाने मांडू नये, असे आमचे गुरुजी सांगतात. म्हणून सुरुवातीलाच सांगून टाकते. मला वळवाचा पाऊस फार फार आवडतो. नुसत्या पावसाच्या धारा नव्हेत, तर त्याआधी सुटणारे वारे, काळेभोर आभाळ, डोळे दिपवणारी वीज आणि छातीत धडधड करणारा गडगडाट, हे सगळेच आवडते. घरात मात्र या आवडीपायी बोलणी खावी लागतात. "ढगाकडं काय बघत बसलीयस गं? आत ये आधी!" हे वाक्य तुमच्यापैकी पुष्कळांनी ऐकले असेल. माझे मत असे आहे की, ज्या मुलाला गडगडाट आवडतो त्याला रागावू नये. त्याला घराच्या राखणीला बसवावे. असे मी का म्हणते, ते कृपा करून पूर्ण वाचावे.

प्रथम हा पाऊस कसा येतो ते सांगते. आमच्या वर्गातली निम्मी मुले मे महिन्याच्या सुट्टीत मामाकडे जातात. आपले गाव चाकणच्या जवळ असल्यामुळे पुष्कळांचे मामा पिंपरी, भोसरी, चिंचवड अशा कारखान्यांच्या गावीच राहतात. माझे मामाही कंपनीत कामाला आहेत आणि पिंपरीत संत तुकाराम नगरला राहतात. तिथेच यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आहे, त्याला सगळे जण वायसीएम म्हणतात. ६ मार्च २०२२ पासून तिथून मेट्रोही धावते आणि स्टेशनलाही संत तुकाराम नगर हेच नाव आहे. मामांचे घर तिसऱ्या मजल्यावर आहे. गॅलरीचे दार उघडले की भोसरीच्या बाजूचे आभाळ मोकळे दिसते.

मे महिन्यात दुपारी गच्चीवर पाय ठेवावा तर चटका बसतो. रस्त्यावर चिटपाखरू नसते. अशा वेळी चार वाजण्याच्या सुमारास भोसरीकडे एक पांढरा ढग वर येतो. तो फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा फुगत जातो. वरून पांढराशुभ्र आणि खालून शाईसारखा काळा. मग वारा एकदम पडतो. पान हलत नाही. कावळे गुपचूप झाडात शिरतात. आणि मग एकाएकी धुळीचा लोट उठतो! प्लॅस्टिकच्या पिशव्या तिसऱ्या मजल्यापर्यंत उडतात, दारे धाडधाड आपटतात, एमआयडीसीतल्या शेडचे पत्रे ताशासारखे वाजतात. ओल्या मातीचा वास येतो, म्हणजे कुठेतरी पडायला लागलेला असतो. दिवे जातात. मग सगळी वसाहत क्षणभर निळी-पांढरी दिसते, आणि मागोमाग असा आवाज होतो की मामींच्या मांडणीवरच्या ताटल्या किणकिणतात. खाली पार्किंगमध्ये कुत्री अंग चोरून बसतात. माझ्या अंगावर मात्र काटा येतो आणि हसूही येते.

भीती वाटते की मजा वाटते, असे मला मैत्रिणी विचारतात. दोन्ही वाटते, हेच खरे उत्तर आहे. जत्रेतल्या उंच पाळण्यात बसल्यावर पोटात गोळा येतो, पण उतरल्यावर आपण पुन्हा रांगेत उभे राहतो. पाळण्यात मजा येते कारण पाळणेवाल्याने दांडी नीट लावलेली असते. दांडीच नसेल तर त्या पाळण्यात कोण शहाणा बसेल? विजेच्या पावसाचेही तसेच आहे. डोक्यावर पक्के छप्पर असेल तरच ती मजा. छप्पर नसेल तर ती मजा नाही, तो जिवाशी खेळ आहे.

आता मोठी माणसे काय म्हणतात ते पाहू. काही जण मुलांना गप्प बसवण्यासाठी सांगतात की ढगात म्हातारी हरभरे भरडते आहे. त्यात वाईट काही नाही, लहान बाळे हसतात. पण काही जण सांगतात की पायाळू माणसावर वीज पडते. जो मूल जन्मताना पायांकडून जन्मला तो पायाळू. अशा मुलाला पाऊस आला की कोपऱ्यात बसवतात आणि बाकीचे त्याच्यापासून लांब सरकतात. मला हे अगदी पटत नाही. वीज कोणाच्या जन्माची चौकशी करीत नाही. तिला उंच वस्तू सापडते, मोकळ्या रानातले एकटे झाड सापडते, माळावर उभा असलेला माणूस सापडतो. पायाळू पोर घरात बसले असेल तर ते सुरक्षित आहे, आणि ज्याला कोणी पायाळू म्हणत नाही असा माणूस झाडाखाली उभा असेल तर तो धोक्यात आहे. भीतीच घालायची तर खरी घालावी.

दुसरी एक म्हण आहे, 'गर्जेल तो पडेल काय?' बढाईखोर माणसाला ती लागू पडत असेल. पण वळवाचा ढग गर्जतो आणि पडतोही! शिवाय तो पडायच्या आधीच धोका सुरू होतो. पाऊस दहा किलोमीटर लांब असला तरी त्याच ढगातली वीज कोरड्या रानात पडू शकते. म्हणून 'अजून थेंबही नाही, एवढं काय' असे म्हणणे बरोबर नाही.

मग ही वीज असते तरी काय? तापलेल्या जमिनीवरची गरम, दमट हवा भराभर वर जाते. वर थंडी असते, म्हणून तिच्यातल्या बाष्पाचे थेंब आणि बर्फाचे कण होतात. असा ढग १२ ते १५ किलोमीटर उंच वाढू शकतो. एव्हरेस्ट शिखर ८,८४९ मीटर, म्हणजे नऊ किलोमीटरसुद्धा नाही! ढगात बर्फाचे हलके कण आणि जड गारा एकमेकांवर आपटतात. त्यातून बहुधा वरच्या भागात धन व खालच्या भागात ऋण विद्युतभार साठतो. तो फार झाला की ठिणगी पडते, तीच वीज. तिच्या वाटेतली हवा सुमारे ३०,००० अंश सेल्सिअस तापते. सूर्याचा पृष्ठभाग सुमारे ५,५०० अंश आहे, म्हणजे ही हवा त्याच्या पाचपट तापली! एवढी तापलेली हवा एकदम फुगते, आणि त्याचाच तो कडाका. पण कडाका एकदाच न होता गडगड गडगड असा लांबत का जातो? कारण वीज काही किलोमीटर लांब असते. तिच्या जवळच्या टोकाचा आवाज आधी पोचतो आणि लांबच्या टोकाचा मागून येतो.

ही सगळी विद्या आपल्यापासून लांब नाही. १९२८ साली हवामान खात्याचे मुख्य कार्यालय सिमल्याहून पुण्याला आले, म्हणून शिवाजीनगरच्या त्या इमारतीला जुने लोक आजही सिमला ऑफिस म्हणतात. आणि पाषाणला भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्था आहे. तिची सुरुवात १९६२ साली पुण्यातच झाली. 'दामिनी' नावाचे मोबाइलवरचे ॲप याच संस्थेने केले आहे. आपल्या आसपास वीज पडण्याचा संभव असला तर ते सूचना देते. ते फुकट आहे. ज्या पालकांकडे मोबाइल आहे त्यांनी ते जरूर घ्यावे.

पण मोबाइल नसला, किंवा रेंज गेली, तरी एक उपाय प्रत्येकाजवळ आहे. तो म्हणजे मोजणे. वीज चमकली की ती लगेच दिसते, पण आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटरच चालतो. म्हणजे एक किलोमीटर यायला त्याला जवळजवळ तीन सेकंद लागतात. चमक दिसल्यापासून आवाज येईपर्यंत सेकंद मोजावेत आणि तीनने भागावे, की वीज किती किलोमीटरवर पडली ते कळते. हे गणित चौथीच्या मुलालाही येईल. माझी आजी पायलीने धान्य मोजताना 'एक' म्हणत नाही, 'लाभ' म्हणते. लाभ, दोन, तीन, चार... मीही विजेला तसेच मोजते. मैत्रिणी हसतात, पण घड्याळाच्या टिकटिकीबरोबर म्हटले की हिशेब बरोबर येतो. तीस म्हणायच्या आत आवाज आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, तेव्हा घरात जायलाच हवे. आणि शेवटचा गडगडाट झाल्यावर अर्धा तास बाहेर पडायचे नाही.

आता राखणीचा मुद्दा. मामांच्या इमारतीत मे महिन्यात गच्चीवर सगळ्यांच्या कुरडया, पापड, सांडगे वाळत असतात. बायका दुपारी जरा पडतात. कंपनीतून रात्रपाळी करून आलेले काकाही झोपलेले असतात. त्या वेळी आभाळाकडे कोणाचे लक्ष असते? ज्याला आभाळ आवडते त्याचेच! गेल्या सुट्टीत मी आणि मामांचा मुलगा गॅलरीच्या दारात बसून ढगच पाहत होतो. ढग उभा वाढायला लागला, पण अजून चमक नव्हती की आवाज नव्हता. आम्ही जिन्यातून ओरडत गेलो, "काकू, कुरडया! ढग आलाय!" पाच-सहा घरांच्या बायका पदर खोचून वर गेल्या आणि पाच मिनिटांत गच्ची रिकामी झाली. सगळे खाली आल्यावर लांब कुठेतरी पहिला गडगडाट झाला. एका घरची दोन पातेली मात्र वर राहिली होती. त्या काकू परत निघाल्या, तेव्हा मामी म्हणाल्या, "राहू द्या हो, पातेली काय, भिजली तर पुसून घेऊ." मला मामींचे हे बोलणे फार आवडले. ढग दिसल्यापासून गडगडाट होईपर्यंतचा वेळ कामाचा. गडगडाट झाल्यावर कुरडया गेल्या तरी चालतील.

शहरात एक वेगळाच धोका असतो, तोही सांगते. १७ एप्रिल २०२३ रोजी पिंपरी-चिंचवडमध्ये रावेत-किवळे येथे वादळी वाऱ्यापावसात जाहिरातीचा मोठा लोखंडी फलक कोसळला. पावसापासून बचाव करायला माणसे त्याच्या आडोशाला थांबली होती. पाच जणांचे प्राण गेले. पुढच्या वर्षी, १३ मे २०२४ रोजी, मुंबईत घाटकोपरला असाच प्रचंड फलक पेट्रोल पंपावर पडला आणि १७ जण दगावले. त्या माणसांनी काय चूक केली होती? काहीच नाही. पाऊस आला की आडोसा शोधणे हा माणसाचा स्वभावच आहे. पण कोणता आडोसा खरा आणि कोणता खोटा, हे आधी ठाऊक असावे लागते. झाड, फलक, पत्र्याची उघडी शेड, बसथांब्याचे पत्रे, हे विजेच्या पावसात खोटे आडोसे. पक्के घर, शाळा, दुकानाचा आतला भाग, काचा लावलेली चारचाकी गाडी, हे खरे आडोसे. फटफटी हा आडोसा नव्हे.

आता सगळ्यांत अवघड प्रश्नाकडे येते. तो मला माझ्या वडिलांनीच विचारला. ते म्हणाले, "आमचा कांदा रानात पडलाय, तो भिजला की वर्षाची कमाई गेली. आणि तुला त्या पावसाची मजा वाटती?" चाकणच्या बाजारात कांदा नेणाऱ्या आपल्या सगळ्या गावाचा हा प्रश्न आहे. एप्रिल-मे मध्ये कांदा काढून शेतात पातीखाली सुकत असतो, आणि नेमका तेव्हाच वळीव येतो. गारा पडल्या तर भाजीपालाही झोडपला जातो. मी दोन दिवस विचार केला. ज्या पावसाने घरात डोळ्यांत पाणी येते तो आवडणे बरे का?

विचार करून मला असे वाटले की, नुकसान कोणालाच आवडत नाही, मलाही नाही. पण माझ्या आवडीने पाऊस येत नाही आणि नावडीने थांबतही नाही. आवडीमुळे एक मात्र होते. आवड असते म्हणून मी दिवसातून दहा वेळा आभाळाकडे पाहते. ढग कोणत्या बाजूने येतो, किती वेळात चढतो, हे मला घरातल्या सगळ्यांच्या आधी कळते. वडील खाली मान घालून कांदा कापत असतात, आई भाकऱ्या घेऊन बांधावर आलेली असते, म्हातारे आजोबा शेरडांमागे असतात. त्यांना वर पाहायला सवड नाही. मला आहे. मग मी वेळेवर हाक मारली तर कांद्याच्या ढिगावर ताडपत्री पडेल, बैल झाडाखालून सुटून गोठ्यात जातील आणि आजोबा माळावरून घरी येतील. वडिलांना मी हेच सांगितले. ते म्हणाले, "बरं, मग हाक मारायचं काम तुझं." त्यानंतर त्यांनी मला आभाळाकडे बघण्यावरून बोलणे सोडले.

जनावरांबद्दल एक गोष्ट पालकांनी लक्षात ठेवावी. झाडावर वीज पडली की ती मुळाशी जमिनीत पसरते. गाई-बैलांचे पुढचे आणि मागचे पाय एकमेकांपासून लांब असतात, त्यामुळे ती वीज त्यांच्या अंगातून जाते. एका झाडाखाली बांधलेली चार-पाच जनावरे एकदम मरतात ती यामुळेच. म्हणून ढग चढू लागला की जनावर सोडावे. मात्र गडगडाट सुरू झाल्यावर जनावर सोडायला कोणी धावू नये. बैल पुन्हा घेता येतो, कर्ज काढून का होईना. माणूस घेता येत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांप्रमाणे अलीकडच्या वर्षांत आपल्या देशात दरवर्षी २,००० हून अधिक माणसे विजेने दगावतात. शेतात राबणाऱ्यांना हा धोका सर्वांत जास्त, कारण ते उघड्यावर असतात.

आता माझ्या वर्गमित्रांना दोन शब्द. आवड आहे म्हणून राखणदार व्हायचे तर राखणदाराने नियम पाळले पाहिजेत. गारा पडू लागल्या की वाटी घेऊन अंगणात पळणारे आपल्या वर्गात बरेच आहेत. गारा अर्ध्या तासाने वेचता येत नाहीत, हे खरे, पण गारेपेक्षा डोके महत्त्वाचे. काही मोठी मुले गच्चीवर जाऊन मोबाइलमध्ये विजेचे चित्रण करतात. ती वीज आवडणारी मुले नव्हेत, ती लोकांना दाखवणारी मुले. बघायचे तर उंबऱ्याच्या आत बसून बघा. खिडकीच्या लोखंडी गजांना हात लावू नका, नळाखाली भांडी घासू नका, विहिरीत, तळ्यात पोहत असाल तर ताबडतोब बाहेर या. रानात अगदीच अडकलात तर एकट्या झाडापासून लांब, खोलगट जागी पाय जुळवून उकिडवे बसा. जमिनीवर आडवे होऊ नका. कोणाला विजेचा झटका बसलाच तर त्याला हात लावायला भिऊ नका. त्याच्या अंगात वीज साठून राहत नाही. लगेच १०८ ला फोन करा आणि मोठ्या माणसांना बोलवा.

पालकांना माझी नम्र विनंती एवढीच की, मुलाला 'आत ये' म्हणताना 'काय दिसतंय, किती मोजलंस' हेही विचारा. नुसते भ्यायलेले पोर गोधडीत तोंड घालते. त्याला ढग कुठवर आला ते सांगता येत नाही. ज्याला आवड आहे आणि ज्याने नियम शिकले आहेत, ते पोर तुम्हाला बरोबर सांगेल. आणि त्यासाठी त्याला पगारही लागत नाही. फार तर एक कुरडई तळून द्यावी!

पाऊस आता रोजचा होईल. आषाढ-श्रावणाची रिमझिम सुरू झाली की गडगडाट कमी होतो आणि सगळे या गोष्टी विसरतात. पण हस्त नक्षत्राला तो परत येतो. त्याच दिवसांत आम्ही मुली पाटावर हत्ती मांडून संध्याकाळी अंगणात भोंडल्याचा फेर धरतो, आणि विजाही बहुधा संध्याकाळीच येतात. या वर्षी प्रत्येक आळीने फेराबाहेर एक मुलगी आभाळाकडे तोंड करून बसवावी, असे माझे मत आहे. आमच्या आळीत ती मी असेन. खिरापत तेवढी माझ्यासाठी बाजूला ठेवा.

— इयत्ता सातवीतील एक विद्यार्थिनी